प्रोसेसरला दमवून काय मिळते?

१९९८ साली इंटेलने ‘सेलेरॉन ३००ए’ नावाचा एक स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा वेग होता ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की हाच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने धावू लागे. बहुतेकदा कुरकुर न करता. कितीतरी महाग असलेल्या पेंटियम-२ च्या पंगतीला तो जाऊन बसे. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढे प्रोसेसर पळवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. या छंदाची कीर्ती त्या काळातली आहे. नवा डेस्कटॉप जुळवून घेणारा तरुण आजही दुकानदाराला ‘ओव्हरक्लॉक होतो ना?’ असे विचारतो, ते त्याच कीर्तीवर. मात्र ती ज्या शिलकीवर उभी होती, ती शिल्लक आता कंपन्यांनीच खर्चून टाकली आहे.

एकाच सिलिकॉनच्या चकतीतून निघालेल्या चिप्स सारख्या नसतात. काही सशक्त, काही अशक्त. स्वस्त मालाला मागणी जास्त असल्याने त्या काळी सशक्त चिपवरही कमी वेगाचा शिक्का मारून ती विकली जाई. २००८ पासून इंटेलच्या कोअर आय-७ मध्ये ‘टर्बो’ आला आणि चित्र बदलले. प्रोसेसर स्वतःचे तापमान आणि वीज पाहून क्षणोक्षणी आपला वेग वर-खाली करू लागला. कोअर आय-९ १४९००के चा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ आहे, पण खोक्यातून काढल्यावर तो स्वतःहून ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. जे काम पूर्वी हौशी मंडळी रात्र-रात्र जागून करत, ते कारखान्यातूनच होऊन येते. हाताने वाढवायला उरते ते थोडेसेच.

आणि त्या थोडक्याची किंमत मोठी असते. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग १० टक्के वाढवायचा आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवायचे, तर उष्णता सुमारे ३३ टक्के वाढते. हाती येतात फार तर १० टक्के. खेळाचा वेग ग्राफिक्स कार्डावर अडलेला असेल, तर तेवढेही नाही. १४९००के मुळातच पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. तापमान १०० अंशांवर गेले की तो आपला वेग आपणच कमी करतो. हृदयाचे ठोके फार वाढले की कप्प्यांना रक्ताने भरायला वेळच मिळत नाही आणि पंप होणारे रक्त उलट घटते. इथेही काहीसे तसेच होते: सेटिंगमध्ये आकडा मोठा दिसतो, काम मात्र हळू होते.

हवेवर चालणारा कूलर असो वा पाण्यावर, चिपला तो खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. परदेशातल्या चाचण्या २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ वर असताना, वातानुकूलन नसलेल्या खोलीत त्या चाचण्यांतले आकडे तसेच्या तसे उतरवणे म्हणजे दुसऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनवर औषध घेण्यासारखे आहे.

जास्त व्होल्टेजची इजा लगेच दिसत नाही, हा यातला खरा धोका. प्रोसेसरमधल्या तारा अतिशय बारीक असतात. जास्त प्रवाह आणि उष्णता यांमुळे धातूचे अणू हळूहळू जागा सोडतात, ट्रान्झिस्टर म्हातारे होतात आणि आधी पुरणारे व्होल्टेज पुढे पुरेनासे होते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत हे जगाने पाहिले. तिथे तर ग्राहकाने काही छेडलेलेही नव्हते. कंपनीच्याच मायक्रोकोडमुळे चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती. अनेक मदरबोर्डांनी विजेच्या मर्यादाही आधीपासूनच सैल ठेवल्या होत्या. खेळ मध्येच बंद पडत आणि पडद्यावर ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा संदेश येई. दुखणे हृदयाचे आणि कळ जबड्यात, तशातला हा प्रकार. दोष प्रोसेसरचा आणि बदलले जाई कार्ड. इंटेलने मायक्रोकोड सुधारला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झालेली झीज त्या सुधारणेने भरून आली नाही. त्याच्या आदल्या वर्षी एएमडीच्या रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. मेमरी वेगवान करणाऱ्या ‘एक्स्पो’ सेटिंगबरोबर मदरबोर्ड जादा व्होल्टेज देत असल्याचे दिसले आणि ते १.३ व्होल्टवर बांधून टाकावे लागले. ही सेटिंग एका क्लिकने चालू होते, आणि आपण ओव्हरक्लॉकिंग केले हे अनेकांच्या गावीही नसते. एएमडीच्या वॉरंटीच्या अटींत मात्र ते ओव्हरक्लॉकिंगच ठरते.

संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. त्याहून वाईट म्हणजे तो न थांबता एखादे उत्तर चुकीचे देतो. मर्सेन मूळ संख्यांच्या शोधात अनेक वर्षे प्रत्येक संख्या दोनदा, वेगवेगळ्या संगणकांवर तपासली जात असे, कारण एका यंत्राच्या उत्तरावर भरवसा नव्हता. त्याच शोधाचे प्राइम९५ हे सॉफ्टवेअर ओव्हरक्लॉकिंगवाले चाचणीसाठी वापरतात. रात्रभर ते चालले की संगणक ‘स्थिर’ ठरवला जातो. पण एका रात्रीचे रक्तदाबाचे आकडे पाहून वर्षभराची हमी कुणी देत नाही. खेळात एखादा ठिपका चुकला तर बिघडत नाही. सोनोग्राफी केंद्राच्या अहवालात, हिशेबाच्या फाइलमध्ये किंवा प्रबंधाच्या आकडेमोडीत चुकला, तर तो कुणाला सापडणारही नाही. अशा संगणकावर ओव्हरक्लॉकिंग करू नये, यात वादाला जागा नाही.

छंद म्हणून करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. उणे २६९ अंशांचा द्रव हीलियम ओतून ९ गिगाहर्ट्झच्या पलीकडे जाणारे विक्रमवीर आहेत. चिप मेली तरी चालेल, असे ठरवूनच ते बसतात. वॉरंटी संपलेल्या जुन्या यंत्रावर एखाद्या विद्यार्थ्याने असे प्रयोग केले, तर तो पुस्तकापेक्षा जास्त शिकेल.

बाकीच्यांनी उलट दिशेला जाऊन पाहावे. त्याच वेगाला व्होल्टेज थोडे कमी करणे, म्हणजे अंडरव्होल्टिंग. १० टक्के कमी झाले, तर त्याच वेगाला उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते आणि पंख्याचा आवाजही कमी होतो. १० टक्के प्रत्येक चिपला झेपतीलच असे नाही. छोट्या पायऱ्यांनी उतरावे लागते, आणि पायरी चुकली तर इथेही संगणक अडखळतो, पण व्होल्टेज परत वाढवले की सावरतो. जादा व्होल्टेजने झिजलेल्या चिपचे तसे होत नाही. त्याआधी करायचे काम एकच: १३ व्या-१४ व्या पिढीचा इंटेल डेस्कटॉप घरात असेल, तर त्याचा बायोस २०२४ च्या ऑगस्टनंतर अद्ययावत केला आहे का, हे याच आठवड्यात तपासावे.