दुर्बिणीची नोंद खुली, स्कॅनची कुलूपबंद

नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपत असतात. या ‘जीएमआरटी’ दुर्बिणीवर घेतलेली निरीक्षणे काही काळ ती घेणाऱ्या शास्त्रज्ञाकडे राहतात. मुदत संपली की इतर संशोधकांनाही ती वापरता येतात. दुर्बीण जनतेच्या पैशातून उभी राहिली, तेव्हा तिच्या नोंदीही एकट्यादुकट्याच्या नव्हेत, असा हा साधा हिशेब आहे.

भौतिक शास्त्रांत ही रीत रुजली आहे आणि तिचा फायदा आम्हा डॉक्टरांनाही होतो, नकळत. क्ष-किरण हाडात किती अडतात, पाण्यात किती, शिशात किती, याचे आकडे अमेरिकेची ‘निस्ट’ ही सरकारी संस्था संकेतस्थळावर फुकट देते. ‘जिआंट-फोर’ ही संगणकप्रणाली तर मुळात ‘सर्न’सारख्या ठिकाणच्या कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी जन्मली. तिची पहिली आवृत्ती १९९८ची. पदार्थातून जाताना कण कुठे वळतो, वाटेत किती ऊर्जा सोडतो, हे ती संगणकात असंख्य कण सोडून मोजते. तिच्यावर बांधलेली ‘गेट’ नावाची प्रणाली (प्रवेश परीक्षा नव्हे!) पेट स्कॅन आणि रेडिओथेरपीच्या अभ्यासात वापरतात. गाठीला किरणांची किती मात्रा मिळेल, शेजारच्या निरोगी भागाला किती, याचा अंदाज रुग्णाला हात न लावता बांधता येतो. तालुक्याच्या गावातला एमएस्सीचा विद्यार्थीही ती विनामूल्य उतरवून घेऊ शकतो. आकडे घेताना त्यांचे एकक आणि अनिश्चितताही घ्यावी, एवढेच त्याला सांगणे.

प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांवर सुरू झाला. आज तेथे २ लाखांहून अधिक आहेत. कारण सरळ आहे. रचना जमा केल्याशिवाय प्रमुख नियतकालिके त्यावरचा शोधनिबंध छापत नाहीत. याच साठ्यावर शिकलेल्या ‘अल्फाफोल्ड’च्या कर्त्यांना २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आणि आमच्या सरकारी रुग्णालयांत? रोज सीटी, एमआरआय, एक्स-रे होतात, जागा भरली की जुने पुसले जातात. स्कॅन वाचणारी परदेशी सॉफ्टवेअर मग आमच्या दारात येतात, तिकडच्या रुग्णांवर शिकून. जुन्या क्षयाचे व्रण असलेली फुफ्फुसे आम्ही रोज पाहतो. त्यांना ती फारशी भेटलेली नसतात.

रुग्णाची गोपनीयता हा आक्षेप खरा आहे. तारा तक्रार करत नाही, रुग्णाला तो हक्क आहे. नुसते नाव खोडूनही भागत नाही, कारण डोक्याच्या सीटीवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो. म्हणून रुग्णाची संमती, नैतिक समितीची नजर आणि ओळख पुसण्याचे काम करणारा पगारी माणूस हवा. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरच्या माथी मारून हे होणार नाही. वैद्यकीय शिक्षण विभागाने एखाद्या महाविद्यालयात छातीच्या एक्स-रेपासून सुरुवात करावी. त्यात चेहरा नसतो.