व्हिसा कोणाच्या मालकीचा?

अमेरिकेतील गव्हाची कापणी मे महिन्यात टेक्सासमध्ये सुरू होते आणि पीक तयार होत जाईल तशी ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का असे करीत कॅनडाच्या सीमेपर्यंत पोहोचते. हार्वेस्टर आणि ट्रक घेऊन कंत्राटी टोळ्या तिच्या मागोमाग हिंडतात. १९४४ साली महायुद्धामुळे मजुरांची टंचाई असताना मॅसी-हॅरिस कंपनीची ५०० यंत्रे या वाटेवर उतरली आणि या धंद्याला वेग आला. आज या टोळ्यांत परदेशी तरुणांचा, विशेषतः दक्षिण आफ्रिकेतून आलेल्यांचा, भरणा मोठा आहे.

हे तरुण ‘एच-२ए’ व्हिसावर येतात. १९८६ च्या कायद्याने आलेल्या या व्यवस्थेत मालकाला निवासाची विनामूल्य सोय करावी लागते आणि करारातील तीन-चतुर्थांश कामाची हमी द्यावी लागते. या तरतुदींचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा व्हिसा एका मालकाशी जखडलेला असतो. काम सुटले की देशात राहण्याचा आधारही सुटतो. दव पडून ओंब्या ओलावेपर्यंत यंत्र चालवावे लागले, तरी जादा कामाच्या दीडपट वेतनाचा हक्क १९३८ च्या संघीय कायद्याने शेतमजुराला दिलेला नाही. संघटनास्वातंत्र्याला संरक्षण देणाऱ्या १९३५ च्या कायद्यातूनही तो वगळलेला आहे.

हे तरुण स्वेच्छेने येतात, मायदेशी मिळेल त्याहून अधिक कमावतात, असे यावर सांगितले जाते. ते खोटे नाही. यांतील अनेक जण शेतकऱ्यांचीच मुले आहेत. पण सौद्यात स्वेच्छा किती, हे तो मोडण्याची मुभा किती यावर ठरते. मजूर दुसऱ्याकडे जाऊ शकतो म्हणून मजुरी वाढते, हे मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांचेच अर्थशास्त्र. मालकवर्गाने त्यातून स्वतःची सोयिस्कर सुटका करून घेतली आहे.

याची झळ स्थानिक श्रमिकांनाही लागते. २०२१ साली मिसिसिपी राज्यातील कृष्णवर्णीय शेतमजुरांनी न्यायालयात धाव घेतली. दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या गोऱ्या मजुरांना त्याच कामासाठी अधिक मजुरी देऊन आपल्याला डावलले, असा त्यांचा वर्णभेदाचा आरोप होता. अशा वेळी परदेशी मजुराला हाकला, ही घोषणा सोपी असते. मालकाच्या हाती असलेली दोरी मात्र तिने तुटत नाही.

याच मैदानांतील भटक्या मजुरांना आयडब्ल्यूडब्ल्यू या लढाऊ संघटनेने १९१५ साली एकत्र आणले होते. युद्धकाळातील दडपशाही आणि पाठोपाठ आलेले यंत्र यांनी ती फळी मोडली. शेकडो हातांच्या जागी आता केबिनमध्ये एकटा चालक बसतो. महाराष्ट्रातील ऊसतोड मजुराला उचल बांधून ठेवते, त्याला व्हिसा. म्हणून मागणी स्पष्ट हवी: व्हिसा धंद्यासाठी असावा, एका मालकासाठी नव्हे, आणि मजुराला मालक बदलण्याचा व संघटित होण्याचा हक्क असावा. स्थानिक आणि परदेशी श्रमिकांची एकजूट या मागणीवरच उभी राहू शकेल.