किल्ल्या मोजल्या का?

आमच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून जुनी मोटार घेतली. आपल्या सीमाभागात अशी खरेदी म्हणजे निम्मे काम कागदांचेच. एमएच ०९ ची गाडी केए २२ करायची तर आधी तिकडच्या आरटीओची ना हरकत, म्हणजे फॉर्म २८. मग २९ आणि ३०, मग कर्नाटकाचा रोड टॅक्स, आणि या सगळ्यासाठी हेलपाटे. आमचे मेहुणे भलतेच काटेकोर. चेसिस नंबर, इंजिन नंबर स्वतः ताडून पाहिले, विम्याची तारीख तपासली, टायरसुद्धा खाली वाकून बघितले. गाडी दारात आली, बहिणीने हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. एक गोष्ट मात्र कोणालाच विचारायची सुचली नाही. किल्ल्या किती? जुन्या मालकाने रिमोटची एक किल्ली हातात ठेवली आणि म्हणाला, "दुसरी घरात कुठेतरी आहे, सापडली की पाठवून देतो." ती अजून सापडतेच आहे.

आणि परवा ही एकुलती एक किल्ली रुसली. बटण दाबले तरी दार उघडेना. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहून तो म्हणाला, "बाबा, हे घरच्या घरी रिप्रोग्रॅम करता येतं. उगाच शोरूमला पैसे कशाला घालायचे?" मग किल्ली इग्निशनमध्ये घालून चालू-बंद, चालू-बंद असे आठ वेळा. एकदा नव्हे, चांगली पंधरा मिनिटे. शेजारचे काका कंपाउंडवर रेलून मोजत होते. गाडी ढिम्म.

भाच्याने पाहिलेली युक्ती खोटी नव्हती. अमेरिकेतल्या कित्येक जुन्या फोर्ड गाड्यांत किल्ली दहा सेकंदांत ८ वेळा चालू-बंद केली की दारांची कुलुपे आपोआप खटकन लागून उघडतात. म्हणजे गाडी शिकायला तयार झाली. मग प्रत्येक रिमोटचे एकेक बटण दाबायचे की त्यांची नोंद होते. पण ती रीत त्या गाड्यांची. प्रत्येक कंपनीची, मॉडेलची आणि वर्षाची रीत वेगळी, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना घरी करण्याजोगी रीतच ठेवलेली नाही. म्हणून मंडळी, बटणाला हात लावण्याआधी ही किल्ली काय काय करते ते नीट समजून घेऊ.

या एका किल्लीत दोन बिऱ्हाडे राहतात. पहिले बिऱ्हाड रिमोटचे. ते रेडिओ लहरींवर चालते, आपल्याकडे साधारण ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. त्याचे काम एवढेच, दारे उघडणे नि लावणे. त्याला सेल लागतो. दुसरे बिऱ्हाड किल्लीच्या डोक्यात बसवलेल्या बारीक चिपचे. तिला सेल लागत नाही. किल्ली इग्निशनमध्ये घातली की तिथल्या वेटोळ्यातून चिपला क्षणभर वीज मिळते, ती आपली ओळख सांगते आणि ओळख पटली तरच इंजिन सुरू होते. याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. म्हणून रिमोट मेला तरी पात्याने दार उघडून गाडी सुरू करता येते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या चपट्या रिमोटमध्येही एक छोटे पाते लपवलेले असते. ते ओढून दार उघडायचे आणि रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवायचा. बहुतेक गाड्या अशा सुरू होतात. नेमकी जागा आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहून ठेवावी.

आता तपासणी. सोप्यापासून सुरुवात करायची.

एक, दुसरी किल्ली असेल तर तिने उघडून पाहा. दोन्ही चालत नसतील तर दोष बहुधा गाडीकडे, म्हणजे फ्यूज किंवा उतरलेली बॅटरी.

दोन, सेल. रिमोट आधी लांबून चालेनासा होतो, मग अगदी जवळ जावे लागते, मग बंद. असे झाले असेल तर सेलच संपलेला समजा. त्यावर सीआर २०३२ असे काही लिहिलेले असते. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट. २०२५ हा तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाडीचा, तो २०३२ च्या जागी सैल बसतो. जुना सेल बरोबर नेऊन तोच क्रमांक आणावा. अधिकची खूण कुठल्या बाजूला आहे ते काढतानाच बघून ठेवावे. टीव्हीच्या रिमोटसारखा हा मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासता येत नाही. तिथे न दिसणारा प्रकाश असतो, इथे रेडिओ लहरी असतात.

आणि एक कळकळीची सूचना. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुले तो गोळीसारखा गिळतात. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नये, मुलाला तडक इस्पितळात न्यावे.

तीन, हिशोब चुकणे. रिमोट दरवेळी तोच आकडा पाठवत नाही, नाहीतर कोणीही तो आकडा हवेतून टिपून दार उघडले असते. तो दरवेळी पुढचा आकडा पाठवतो आणि गाडीही आपल्या वहीत तसाच हिशोब ठेवते. या प्रकारची कीलॉक नावाची पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली. अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती १९९५ साली विकत घेतली. या पद्धतीत गाडी पुढच्या १६ आकड्यांपर्यंत चूक पोटात घालते. समजा बाळाच्या हातात किल्ली खेळायला दिली आणि गाडीपासून दूर त्याने पन्नास वेळा बटण दाबले, तर रिमोट पुढे निघून जातो आणि गाडी मागे राहते. अशा वेळी गाडीजवळ उभे राहून तेच बटण लागोपाठ दोनदा दाबावे. दोन सलग आकडे मिळाले की गाडी आपली वही जुळवून घेते. काही गाड्यांत त्यासाठी किल्ली इग्निशनमध्ये फिरवावी लागते.

एवढे करून जमले नाही तरच चौथी पायरी, म्हणजे नव्याने नोंद. गाडीच्या पुस्तकात घरी करण्याची रीत दिली असेल तर ती शब्दशः पाळावी. त्याआधी घरातल्या सगळ्या किल्ल्या गोळा कराव्यात, कारण बऱ्याच गाड्यांत नोंद सुरू झाली की जुनी यादी पुसली जाते. त्या वेळी जो रिमोट हातात नसेल तो परका होतो. चिपची नोंद मात्र बहुतेक गाड्यांत घरी होत नाही. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे एक सॉकेट असते, तिथे यंत्र जोडून, गुप्त आकडा घालूनच ती होते. स्वस्तातले यंत्र मागवून हा प्रयोग अंगणात करू नये. यादी पुसली गेली आणि नवी चढली नाही तर गाडी ट्रकवर घालून न्यावी लागेल.

आमच्या मेहुण्यांच्या किल्लीचे दुखणे दुसऱ्याच पायरीवर सापडले. घड्याळवाल्याकडून सेल आणला, पाच मिनिटांत दार उघडले. भाचा जरा हिरमुसला. पण या निमित्ताने बहिणीने धोशा लावला. "ही एक किल्ली हरवली तर काय करणार? आधी दुसरी करून घ्या." तिचे खरेच होते. एक किल्ली हातात असताना दुसरी करणे सोपे. एकही उरली नाही तर कित्येक गाड्यांत खर्च अनेक पटींनी वाढतो, कधी आतले यंत्रच बदलावे लागते.

म्हणून दोघे शोरूमला गेले. आरसी बुक, ओळखपत्र दाखवले. मेकॅनिकने यंत्र जोडले आणि सहज विचारले, "साहेब, बाकीच्या दोन किल्ल्या कुठे आहेत?" मेहुण्यांना कळेना. "बाकीच्या दोन? आमच्याकडे ही एकच." तो म्हणाला, "गाडीला तीन किल्ल्या माहीत आहेत."

दोन वर्षे ही गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत होती. एक किल्ली जुन्या मालकाकडे हरवलेली. मग तिसरी कोणाकडे? त्यांच्या जुन्या ड्रायव्हरकडे? त्यांच्याही आधीच्या मालकाकडे? कोणी वाईट असेल असे नाही, ती एखाद्या खणात निपचित पडलीही असेल. पण बहिणीचा चेहरा उतरला. रोज पोरीला शाळेत सोडायला ती हीच गाडी नेते.

उपाय होता. मेकॅनिकने तिन्ही नोंदी पुसल्या, हातातली किल्ली आणि नवी किल्ली अशा दोनच चढवल्या. बाहेर असलेल्या किल्ल्यांनी आता इंजिन सुरू होणार नाही आणि बटणाने दारही उघडणार नाही. धातूच्या पात्याने दार मात्र अजून उघडेल, कारण कुलूप तेच आहे. तेव्हा गाडीत कागदपत्रे, पर्स ठेवू नका असेही त्याने बजावले.

जुन्या घरात राहायला गेलो की आपण पहिल्या दिवशी कुलूप बदलतो. जुनी गाडी घेताना तेवढे करत नाही, कारण किल्ली मिळाली म्हणजे गाडी आपली झाली असे वाटते. गाडीच्या यादीत आणखी कोणकोण आहे हे तिला विचारावे लागते. बऱ्याच गाड्यांत शोरूमचे यंत्र तो आकडा सांगते. तेव्हा व्यवहाराच्या वेळी फॉर्म २८, २९, ३० मोजता तशा किल्ल्याही मोजा. दुसरी किल्ली मिळेपर्यंत थोडे पैसे हातचे राखून ठेवा. गाडी घेतल्यावर पहिल्या सर्व्हिसिंगलाच जुन्या नोंदी पुसून घ्या. आणि दुसरी किल्ली गाडीच्याच डॅशबोर्डमध्ये ठेवू नका. हसू नका, आमच्या मेहुण्यांनी नव्या किल्लीचा पहिला मुक्काम तिथेच केला होता.