भोगीच्या आत या चार प्रश्नांची उत्तरं द्या!

पुणे परिसरातील हॉटेलवाले, हुरडा पार्टीचे आयोजक आणि खवय्यांना तातडीचं आवाहन

थंडी पडली की पुणेकर मोकळ्यावर जेवायला निघतात. सिंहगडावर पिठलं-भाकरी, शेतावर हुरडा. या गर्दीत सीलिॲक असलेली मुलंमाणसंही असतात, पण ती घरचा डबा उघडून बसतात. गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच लहान आतड्यावर उलटते. रक्त कमी होतं, मुलांची वाढ खुंटते. जन्मभराचं पथ्य हाच उपाय. ‘एका घासानं काय होतंय’ हा आग्रह इथे घातक आहे. ‘ग्लुटेन-मुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, असा आपल्याकडे नियम आहे.

बंद हॉलमध्ये शेजारीच रोट्या लाटत असतील तर पीठ उडतं, म्हणून बाहेरची टेबलं बरी. पण टेबल बाहेर असलं तरी ताट आतूनच येतं. म्हणून विचारतो :

१. दळण कुठलं? गव्हावर दळलेली ज्वारी-बाजरी चालत नाही. घरघंटी किंवा गहू न येणारी गिरणी हवी.

२. हिंग कोणता? डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. डबीवरचे घटक वाचा.

३. तेल कोणतं? सामोसे तळलेल्या कढईतली भजी आणि साबुदाणा वडे बाद.

४. तवा, परात, उलथनं वेगळं आहे का? पोळीच्या तव्यावरची भाकरी किंवा रवा डोशाच्या तव्यावरचा साधा डोसा नको.

हॉटेलवाल्यांनो, ही उत्तरं दारावरच्या पाटीवर लिहा. जमत नसेल तर सरळ ‘नाही’ म्हणा. स्पष्ट नकारानं कुणी आजारी पडत नाही; खोट्या होकारानं पडतं.

खवय्यांनो, या आठवड्यात जिथे जाल तिथे हे चार प्रश्न विचारा. ठिकाण, तारीख, बाहेर बसायची सोय आणि मिळालेली उत्तरं लिहून काढा. सोसायटीच्या ग्रुपवर टाका, ओळखीच्या पोटविकारतज्ज्ञांना आणि आहारतज्ज्ञांना द्या. तारीख विसरू नका, कारण आचारी बदलला की स्वयंपाकघराची शिस्तही बदलते. न विचारता ‘बिनधास्त जा’ असं मात्र कुणालाही सांगू नका.

हुरडा जेमतेम दोन-अडीच महिने मिळतो. त्यानंतर केलेली यादी पुढच्या थंडीपर्यंत निरुपयोगी. संक्रांतीची गूळपोळी या मुलांच्या वाट्याला नाहीच. पण आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. निदान त्या दिवशी तरी त्यांना डबा न आणता पंगतीत बसता यावं, एवढी सोय आत्ताच करा.

— पुण्यातील सीलिॲकग्रस्त मुलांचे काही पालक