भामट्यांना आपली बोली येते, मोबाईलला कधी येणार?

आईच्या मोबाईलवर मेसेज येतो, ‘तुमचा हप्ता थांबला आहे, आजच केवायसी करा.’ खाली लिंक. आई विचारते, ‘बघ रे, खरं आहे का?’ तुम्ही घरी असाल तर ठीक. पण तुम्ही हॉस्टेलवर असाल तर?

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच टेंभलीत दिलं गेलं. पुढे खात्यात थेट पैसे येऊ लागले आणि मागोमाग भामटेही आले. त्यांना पकडणारी सॉफ्टवेअर मात्र मुख्यतः इंग्रजी वाचूनच शहाणी झाली आहेत.

नुसती शब्दांची यादी इथे पुरत नाही. ‘लॉटरी’ शब्द अडवला, की भामटा ‘बक्षीस’ लिहितो. म्हणून लागते ऑन्टॉलॉजी. नावाला घाबरू नका! हा नात्यांचा तक्ता आहे. मामा म्हणजे आईचा भाऊ, तसंच ओटीपी म्हणजे गुप्त माहिती; बँक ती विचारत नाही; विचारणारा तोतया. शब्द बदलले तरी डाव तोच, हे त्यातून मशीनला कळतं.

पण आधी वाक्य तर कळलं पाहिजे ना? ‘तुमना हप्ता बंद व्हयना’ हे अहिराणी, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, भिलीत आलेला व्हॉइस मेसेज, हे सगळं मशीनला शिकवावं लागतं. केंद्र सरकारच्या ‘आदि वाणी’ अॅपमध्ये भिली आली, ही चांगली सुरुवात आहे. पण भाषांतर जमणं वेगळं आणि फसवणूक ओळखणं वेगळं.

हे काम पुण्या-बंगळुरूवर सोडू नका. तिथल्या इंजिनिअरला पावरी कुठून येणार? ती तुम्हाला येते! कम्प्युटर आणि मराठी विभागाच्या पोरांनी एकत्र बसा. फसवे मेसेज गोळा करा आणि प्रत्येकासमोर लिहा: कोण असल्याचं सोंग, कसली भीती, कसली घाई, काय मागितलं. सुरुवातीला साधी एक्सेल शीट पुरे. मात्र मेसेज विचारूनच घ्या; नाव, नंबर, खातं आधी खोडा. नाहीतर सुरक्षेच्या नावाखाली आपणच माहिती फोडू.

आणि पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० लावा. आज रात्री घरी फोन कराल तेव्हा हा नंबर आईलाही सांगा. तिच्या बोलीत.