वाडा विकणे आहे

‘वाडा विकणे आहे. मोक्याची जागा, रस्त्यास लागून, कागदपत्रे निर्वेध.’ अशा मजकुराच्या जाहिराती कोल्हापूरकर वाचकांस नव्या नाहीत. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, विवाहविषयक आणि हरवले-सापडले यांच्या शेजारी, तीन-चार ओळींत त्या उरकल्या जातात. त्यांत जागेचे क्षेत्रफळ असते, रस्त्याची रुंदी असते, व्यवहार त्वरित करण्याची तयारी असते. नसते ते फक्त वाड्याचे वर्णन. वाडा किती खणांचा, किती चौकांचा, खांब सागवानी आहेत की नाहीत, याविषयी विकणारा एक अक्षरही लिहीत नाही. कारण त्याला पक्के ठाऊक असते की, घेणाऱ्यास वाडा नकोच आहे. त्यास वाड्याखालची जमीन हवी आहे. आतल्या पानावरचा हा चार ओळींचा विषय आम्ही आज पहिल्या पानावर आणीत आहोत, तो एवढ्याचसाठी की, या चार-चार ओळींच्या बेरजेतून एक जुने शहर विकले जात आहे आणि त्या शहराची किंमत मात्र कोणीच लावलेली नाही.

कोल्हापूर ही एका राज्याची राजधानी होती. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी अशा जहागिरींचे धनी दरबाराच्या निमित्ताने राजधानीत येत आणि त्यांच्या इतमामास साजेसे वाडे येथे उभे राहत. त्यांच्या आगेमागे कारभारी, शास्त्री, वैद्य, सावकार, पेढीवाले यांची लहानमोठी घरे पेठापेठांतून वसली. घडीव काळ्या दगडाचे जोते, दिंडी दरवाजा, आत सोपा, मध्ये चौक, चौकात तुळशीवृंदावन, कडीपाटाची माडी आणि परसात आड, असे या घरांचे सामान्य रूप. जाड भिंती आणि उघडा चौक यांच्या बळावर ही घरे चैत्र-वैशाखात विजेच्या पंख्यावाचून गार राहत. पुढे इंग्रजी अमदानीत बांधणीचे वळण बदलले. मेजर चार्ल्स मँट याच्या आराखड्याप्रमाणे १८७७ ते १८८४ या काळात नवा राजवाडा उभा राहिला. १९३१ ते १९३४ मध्ये रंकाळ्याकाठी शालिनी पॅलेस झाला, त्याचे १९८७ साली हॉटेल झाले. या मोठ्या वास्तूंना नाव आहे, पोस्टकार्डावर त्यांचे चित्र आहे, म्हणून त्यांना वालीही आहे. आमची आजची चिंता त्यांच्याविषयी नाही. ज्यांचे नाव गल्लीबाहेर कोणास ठाऊक नाही, परंतु ज्यांच्यामुळे ती गल्ली कोल्हापूरची वाटते, अशा घरांविषयी आहे.

ही घरे विकणाऱ्यांना दूषणे देणे सोपे आहे आणि ते अन्यायाचेही आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर जहागिऱ्या आणि वतने गेली, कुळकायद्याने जमिनी गेल्या, आणि हे सर्व लोकशाहीच्या न्यायाने योग्यच झाले. परंतु ज्या उत्पन्नावर वाडे उभे होते ते उत्पन्न संपले आणि वाडे तेवढे उरले. वाड्याच्या काही खोल्या भाड्याने द्याव्या, तर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेल्या भाड्यात वर्षाकाठी एका पावसाळ्याची कौले बदलणेही अशक्य झाले. दरम्यान वारसांची संख्या पिढीगणिक वाढत गेली. आज एखाद्या वाड्याच्या उताऱ्यावर पंधरा नावे असतात. त्यांतील पाच पुण्यास, दोन परदेशी, आणि एखादी वृद्ध विधवा तेवढी गळक्या माडीखाली दिवा लावून राहिलेली. चुन्यात काम करणारा गवंडी मिळत नाही, कडीपाट दुरुस्त करणारा सुतार मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. अशा घराने विक्रीचा मार्ग धरला तर त्यास ‘वारसा विकणारे करंटे’ म्हणण्याचा अधिकार, ज्यांनी त्या वाड्याच्या एका कौलाचेही पैसे कधी दिले नाहीत अशा आपणा नागरिकांस मुळीच नाही.

मग दोष कोठे आहे? आमच्या मते तो हिशेबात आहे. आजच्या व्यवहारात जमिनीस चौरस फुटाला भाव आहे, तिच्यावर किती मजले चढतील त्यास भाव आहे, परंतु उभ्या वास्तूस भाव शून्य आहे. किंबहुना तो शून्याहूनही कमी आहे, कारण घेणारा वाडा पाडण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागतो. त्यातल्या त्यात सागवानास तेवढे गिऱ्हाईक असते. खांब, तुळया, कोरीव चौकटी वेगळ्या काढल्या जातात आणि दूरच्या शहरांतील उपाहारगृहांच्या शोभेस लागतात. आणि मौज अशी की, वाडा पाडून जी इमारत उभी राहते तिला नाव द्यायचे तर ‘पॅलेस’ किंवा ‘राजवाडा’ हेच सुचते! दारात प्लॅस्टरची कमान आणि सिमेंटचे हत्ती उभे करून, ऐश्वर्याचा भास चढ्या दराने विकला जातो. खऱ्या वाड्यास मोल नाही आणि वाड्याच्या नकलेस मोल आहे, असा हा उफराटा बाजार आहे.

हे केवळ कोल्हापुरातच घडते असे नाही. मुंबईस मलबार हिलवरील ‘मेहरानगीर’ हा डॉ. होमी भाभा यांचा बंगला २०१४ साली लिलावात ३७२ कोटी रुपयांस गेला. भारताच्या अणुसंशोधनाचा पाया घालणाऱ्या पुरुषाचे हे घर राष्ट्रीय स्मारक व्हावे, अशी मागणी झाली होती. ती मागणी कागदावर राहिली आणि २०१६ साली बंगला जमीनदोस्त झाला. पुण्याचे उदाहरण निराळे, पण तितकेच बोधक आहे. ज्या भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, त्या वाड्याचे स्मारक करण्याचा विषय वर्षानुवर्षे कोर्टकचेरीत अडकून पडला. निकाल लागला तोवर वाड्याची अशी दशा झाली होती की, डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडूनच स्मारकासाठी जागा मोकळी करावी लागली. स्मारक होईल, भव्यही होईल. परंतु ज्या भिंतींनी त्या मुलींचे पहिले पाठ ऐकले त्या भिंती पुन्हा मिळणार नाहीत.

मनात आणले तर शासनास काय करता येते, याचेही उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहत होते. ते घर विक्रीस निघाले तेव्हा महाराष्ट्र शासनाने २०१५ साली सुमारे तीस लाख पौंड मोजून ते विकत घेतले. त्याचे स्मारक करण्यास तेथील स्थानिक नगरपरिषदेने हरकत घेतली. त्या हरकतीवर मात करून २०२० मध्ये परवानगीही मिळवली. माणगावच्या १९२० च्या परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व ज्या शाहू महाराजांनी जाहीरपणे गौरविले, त्यांच्या राजधानीस या खरेदीचा विशेष आनंद वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु साता समुद्रापलीकडचे एक घर वाचविणाऱ्या शासनास आपल्याच पेठांतील घरांसाठी एखादी चालती योजना आखता येऊ नये, हे आम्हास पटत नाही. प्रत्येक वाडा शासनाने विकत घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. ते शक्य नाही आणि इष्टही नाही. विकत घेतलेल्या अनेक वास्तूंना शासकीय कुलूप लागते आणि कुलपाआड वाळवी सुखाने नांदते, हे सर्वांनी पाहिले आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो शाहू महाराजांच्या नगरीत आदराने ऐकला पाहिजे. हे वाडे रयतेच्या घामावर उभे राहिले. सरंजामशाही गेली, तिच्या खुणाही जाऊ द्या. त्यांच्यासाठी करदात्यांनी पदर का खोचावा? आमचे उत्तर असे की, वाडा रयतेच्या पैशातून झाला म्हणूनच त्यावर रयतेचाही हक्क पोहोचतो. त्याचा दगड पाथरवटाने घडविला, तुळई सुताराने तासली, भिंत गवंड्याने उभारली. सरदारांची नावे बखरींत आली. या कारागिरांचा एकमेव लेख म्हणजे त्यांनी बांधलेले घर. ते पाडले की सरदाराचे काही बिघडत नाही, त्या कारागिराची मात्र शेवटची आठवण पुसली जाते. शिवाय वास्तूचा मोठेपणा तिच्या उपयोगात असतो, हा धडा खुद्द महाराजांनीच घालून दिला आहे. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी या शहरात वसतिगृहे उघडण्यास चालना दिली. जुन्या वाड्यांत आज विद्यार्थिनी राहिल्या, वाचनालये चालली, संगीताचे वर्ग भरले, तर ते सरंजामशाहीचे पुनरुज्जीवन खचित ठरणार नाही.

कायदा काय म्हणतो? वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियम मुंबईत १९९५ सालीच झाले. राज्यास २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही अशा वास्तूंचा विचार आहे, आणि त्यांच्या मालकास न वापरता येणारे बांधकाम हक्क टीडीआरच्या रूपाने इतरत्र विकण्याची वाट आहे. कोल्हापुरातही वारसा वास्तूंची यादी आहे. परंतु यादीत नाव येणे म्हणजे मालकाच्या दृष्टीने शिक्षाच ठरते. बंधन आज लागू होते. मोबदला मात्र अर्ज, नकाशे आणि हेलपाटे यांच्या पलीकडे कोठेतरी असतो. म्हणून आपले घर यादीत येऊ नये अशीच मालकाची धडपड असते. फ्रान्समध्ये आंद्रे माल्रो हे सांस्कृतिक खात्याचे मंत्री असताना १९६२ साली जुन्या वस्त्यांच्या रक्षणासाठी कायदा झाला. वस्तीच्या वस्ती राखायची आणि घर दुरुस्त करणाऱ्यास करात सवलत द्यायची, ही तेथील रीत पुढे रूढ झाली. सक्तीबरोबर सवलत आली म्हणजे मालक शत्रू न राहता भागीदार होतो, एवढाच त्यातील अर्थ.

आमच्या शहरास वारशाविषयी प्रेम नाही असे कोण म्हणेल? भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओच्या विक्रीची वार्ता २०२२ साली फुटली तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले तेव्हा सारे शहर घरचे माणूस गेल्यासारखे हळहळले. परंतु हे प्रेम वास्तू गेल्यावर, नाहीतर जाण्याच्या घटकेस जागे होते. विक्रीचा दस्त झाल्यावरचे आंदोलन आणि आग लागल्यावरचे अश्रू यांनी तुळई सावरत नाही.

तेव्हा महापालिकेकडे आमच्या स्पष्ट मागण्या आहेत. पहिली, शहरातील शंभर वर्षांवरील प्रत्येक घराची मोजणी करून नकाशे आणि छायाचित्रे यांसह नोंद करावी, म्हणजे जे जाईल त्याची निदान स्मृती तरी उरेल. दुसरी, जो मालक वाडा राखील त्यास घरपट्टीत भरीव सूट आणि दुरुस्तीस अल्प व्याजाचे कर्ज मिळावे. टीडीआरचा अर्ज ठरावीक मुदतीत निकालात निघावा. तिसरी, अशा घरांत वकिलांची कार्यालये, अतिथिगृहे, वाचनालये, कलाशाळा चालविण्यास परवानगी सुलभ करावी. घराने स्वतःचे पोट स्वतः भरावे. चौथी आणि महत्त्वाची, यादीतील वाडा पाडण्याचा अर्ज आल्यास तीन महिन्यांची मुदत असावी आणि त्या अवधीत बाजारभावाने तो वाडा घेऊन राखण्यास तयार असणाऱ्यास प्रथम संधी मिळावी. कोणी पुढे आला नाही तर मालक मोकळा. यात त्याचा एक पैसाही बुडत नाही.

असा घेणारा कोठून येणार, असे कोणी विचारील. ज्या जिल्ह्याने लिटर-लिटर दूध गोळा करून १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा दूध संघ एवढा मोठा केला, सहकारी साखर कारखाने उभे केले, त्या जिल्ह्याने हा प्रश्न विचारावा याचे नवल वाटते. नागरिकांनी भागभांडवल उभारून जुनी घरे घ्यावीत, दुरुस्त करावीत, भाड्याने द्यावीत आणि त्या उत्पन्नातून पुढचे घर घ्यावे, यासाठी एक सहकारी संस्था काढण्यास कोल्हापूरहून योग्य गाव महाराष्ट्रात नाही.

वेळ मात्र थोडा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. अनेक वर्षांच्या लढ्याचे ते फळ, आणि ते भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसले, हा दुहेरी आनंद. जुनी इमारत नव्या कामास लावता येते, याचा पुरावा त्यामुळे शहराच्या मध्यभागीच उभा आहे. परंतु त्याच बेंचमुळे मध्यवस्तीतील जागांस मागणी वाढेल, आणि विक्रीच्या जाहिरातीही वाढतील. वाडे विकले जाऊ नयेत, असा आमचा हट्ट नाही. मालकास त्याच्या घराचा पूर्ण मोबदला मिळालाच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की वाडे विकले जावोत, पण ते वाडे म्हणून विकले जावोत. मोकळी जागा म्हणून नव्हे. तशी व्यवस्था करणे महापालिकेच्या हाती आहे, आणि येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद झालेली दिसली पाहिजे.