चूक नियमाची, शिक्षा डॅम्परला!

मित्रांनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाचे मार्क कापू नका. पण विषय आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे आणि भांडायला मातृभाषाच बरी!

व्हायब्रेशनच्या पेपरला आपण एक आकृती ठरलेली काढतो. एक मोठं मास, त्याला स्प्रिंगने जोडलेलं एक छोटं मास. मोठं हलायला लागलं की छोटं स्वतः हलून त्याची थरथर कमी करतं. आपण ती काढून मार्क घेतो आणि विसरतो. रेनॉच्या इंजिनिअर्सनी मात्र ती फॉर्म्युला वनच्या गाडीच्या नोजमध्ये बसवली! कर्बवरून जाताना गाडीचा पुढचा भाग कमी उसळायचा आणि टायर ट्रॅकला नीट धरून राहायचे. २००५ च्या मोसमाच्या अखेरीला आलेला हा मास डॅम्पर २००६ च्या पूर्वार्धातही राजरोस चालू होता. त्या वर्षी पहिल्या नऊपैकी सहा शर्यती अलोन्सोने जिंकल्या.

आणि मग ऐन मोसमात, जुलैमध्ये, एफआयए म्हणाली की हे बेकायदेशीर आहे. का? तर नियम असा होता की गाडीच्या एरोडायनॅमिक्सवर परिणाम करणारा भाग घट्ट बसवलेला हवा, तो हलता कामा नये. आता हा डॅम्पर नोजच्या आत बंद. त्याला वारासुद्धा लागत नाही! पण एफआयएचं लॉजिक बघा. डॅम्परमुळे गाडी स्थिर राहते, स्थिर गाडीला डाउनफोर्स चांगला मिळतो, म्हणून डॅम्पर एरोडायनॅमिक. आणि तो हलतो, म्हणून बाद. अरे, या हिशोबाने सस्पेन्शनची प्रत्येक स्प्रिंग बाद करावी लागेल!

हॉकेनहाइमच्या शर्यतीत स्टुअर्ड्सनी डॅम्पर कायदेशीर ठरवला. तर एफआयएने आपल्याच स्टुअर्ड्सच्या निर्णयाविरुद्ध अपील केलं आणि ऑगस्टमध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने बंदी कायम केली. कॅनडानंतर अलोन्सोची आघाडी २५ गुणांची होती. जपानच्या शर्यतीआधी तो आणि शूमाखर दोघेही ११६ वर! हे सगळं डॅम्परमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, मध्ये अलोन्सोची गाडीही दगा देत होती. शेवटी जिंकला तोच. पण मोसमाच्या मध्यावर एका संघाची गाडी बदलायला लावणं, हा काय न्याय?

काहीजण म्हणतील, मग काय वाट्टेल ते चालू द्यायचं? मुळीच नाही. १९७८ साली गॉर्डन मरेने ब्रॅबहॅमच्या गाडीला मागे मोठा पंखा लावला. सांगायला तो इंजिन थंड करायला होता, पण खरं काम गाडीखालची हवा ओढून तिला रस्त्याला चिकटवायचं! निकी लाउडा स्वीडनची शर्यत आरामात जिंकला. मागचे ड्रायव्हर पंख्यातून खडे-कचरा अंगावर येतो म्हणून ओरडले. ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही, पंख्यांवर बंदी आली, पण लाउडाचा विजय कायम राहिला. जिंकलेलं हिसकावून घेतलं नाही, हे मला पटतं.

त्याहून चांगलं उदाहरण २०२० चं. मर्सिडीजचं स्टिअरिंग पुढे-मागे ओढलं की पुढच्या चाकांचा टो अँगल बदलायचा. रेड बुलने ऑस्ट्रियात तक्रार केली, स्टुअर्ड्सनी ती फेटाळली. २०२१ च्या नियमांत मात्र एफआयएने ही पळवाट बंद केली होती. म्हणजे वर्षभर वापरा, पुढे नाही. डोकं लढवणाऱ्याला त्याचं फळ मिळालं आणि खर्चाची शर्यतही थांबली.

माझं म्हणणं एवढंच. जिवाला धोका असेल तर आजच्या आज बंद करा, कोणी अडवणार नाही. पण धोका नसेल, तर लिहिलेल्या शब्दांवर निकाल द्या. ‘आमच्या मनात असं होतं’ हे कारण चालणार नाही. मनातलं वाचून डिझाइन कसं करायचं? आपणही उद्या कुठल्या ना कुठल्या स्टँडर्डचं पुस्तक समोर ठेवूनच ड्रॉइंग काढणार आहोत. त्या पुस्तकावर आपला भरवसा नसेल, तर नवं काही करून बघायची हिंमत कोण करणार? नियम चुकला असेल तर खुशाल बदला, पण पुढच्या मोसमापासून!